मगदूम अण्णांचं खातं

“काय ओ साहेब, आज लाईट न्हाई व्हय?”

लगमाण्णा खोतांनी मला रेडिएशन विभागाच्या दारातच अडवलं. सोमवार, सकाळचे दहा. बाकांवर जागा नव्हती म्हणून अर्धे पेशंट खाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून. आमच्याकडे येणारी माणसं रेडिएशनला लाईटच म्हणतात. लाईट घेतली, लाईट चुकली, एवढ्या लायटी राहिल्या.

“आहे की. तासाभरात चालू होईल,” मी म्हणालो.

“मग बसतो. चौदा ऱ्हायल्यात माझ्या.”

हा माणूस सांगलीच्या हळदीच्या सौद्यात पुकारा करायचा. ढिगापाशी उभा राहून भाव असा ओरडायचा की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला कळायचं, माल कितीला गेला. वीस वर्षं हेच काम. आणि गाठ निघाली ती स्वरयंत्रातच. डॉक्टर म्हणाले होते, पस्तीस दिवस एकही न चुकवता लाईट घेतली तर गाठही जाईल आणि आवाजही राहील. एकवीस झाल्या होत्या. आवाज घोगरा होता, पण होता.

“मुहूर्ताच्या सौद्याला मीच हुभा ऱ्हाणार,” तो शेजारच्याला सांगत होता. “अडत्यानं दुसरा लावलाय, पर त्यो पोरीवानी वरडतंय.”

त्याची बायको कल्लव्वा म्हणाली, “बोलू नगा म्हटलंय न्हवं डाक्टरनं!”

सगळे हसले. मी आत गेलो.

आत तांबोळी मॅडम काळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. रेश्मा तांबोळी आमच्या फिजिसिस्ट. कुणाला किरण कुठून द्यायचा, किती द्यायचा, कुठल्या कोनातून द्यायचा, याचा प्रत्येक पेशंटचा आराखडा त्या बनवायच्या. तो आराखडा ज्या सर्व्हरवर होता त्याच्या दोन डिस्क रविवारी एकदम गेल्या होत्या. आराखडा नाही म्हणजे ते आठ कोटींचं मशीन नुसतं गार हवेच्या खोलीतलं लोखंड.

“उदय, किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“बॅकअप आहे मॅडम. रोज सकाळी हिरवी खूण बघतो मी. तासाभरात परत भरतो.”

मी बसलो. नवीन डिस्क घातल्या, बॅकअपचं सॉफ्टवेअर उघडलं, शनिवारची तारीख निवडली आणि रिस्टोअरचं बटण दाबलं. पट्टी तीन टक्क्यांवर गेली आणि लाल झाली. परवानगी नाही. मालक सापडत नाही.

शुक्रवारची निवडली. मालक सापडत नाही. महिन्यापूर्वीची. तेच.

“मालक कोण?” तांबोळी मॅडम मागून म्हणाल्या.

मला माहीत होतं कोण. भूपाल मगदूम. चार महिन्यांपूर्वी ज्यांना हॉस्पिटलनं काढून टाकलं ते. त्यांचं खातं मी माझ्या हातानं उडवलं होतं, त्यांना पत्र मिळाल्यावर दहा मिनिटांच्या आत.

हे कसं घडलं ते सांगतो. बॅकअप मगदूम अण्णांनी सुरू केला तेव्हा त्यांनी त्यासाठी वेगळं खातं मागितलं होतं. वर्षभर अर्ज फिरला. प्रशासक सबनीस साहेब म्हणाले, आहे त्यात भागवा. आपल्याकडे असंच चालतं. हॉस्पिटलची अर्धी यंत्रणा एका माणसाच्या नावावर, आणि त्या माणसाला साधी खुर्ची नीट नाही. अण्णांनी स्वतःच्या खात्यावर सगळं उभं केलं. मी ते खातं उडवल्यावरही बॅकअप रोज होत राहिला, कारण ठेवायचं काम यंत्र आपलं आपण करत होतं. परत काढायला मात्र मालक लागत होता. आणि चार महिन्यांत एकदाही कुणी परत काढून बघितलं नव्हतं. म्हणजे मी बघितलं नव्हतं.

बॅकअपच्या सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. पुण्याचा माणूस होता, गोड बोलणारा.

“सर, ते खातं नुसतं बंद केलंय का डिलीट केलंय?”

“डिलीट.”

“अरे बापरे. का हो?”

“का म्हणजे? माणूस गेला, खातं गेलं.”

“सर, माणूस गेला की खातं बंद करतात, उडवत नाहीत. बरं, असू दे. डिलीट झालेली खाती तुमच्या खात्यांच्या सर्व्हरमध्ये सहा महिने पडून असतात. तिथून ते जसंच्या तसं परत आणा. नवीन खातं बनवू नका हं. नाव तेच दिलं तरी आतला नंबर वेगळा पडतो, आणि बॅकअप नंबर ओळखतो, नाव नाही. परत आणलंत की मला फोन करा, मग पुढचं बघू.”

मी फोन ठेवला. सबनीस साहेब दारात येऊन उभे होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कुणी घामेजलेला दिसला की हा उशिरा आला असणार अशी शंका घेणारा.

“काय म्हणतोय तो?”

“त्याच नावाचं नवीन खातं उघडून बघायला सांगतोय,” मी म्हणालो.

“मग उघड. बघत काय बसलायस?”

मी उघडलं. होणार नाही हे मला दोन मिनिटांपूर्वी एका माणसानं स्पष्ट मराठीत सांगितलं होतं. तरी मी उघडलं, नाव टाकलं, हक्क दिले, रिस्टोअर दाबलं. तीन टक्के. लाल.

तांबोळी मॅडम म्हणाल्या, “मगदूमांना फोन कर ना. त्यांनीच बसवलंय ते.”

“ते काय सांगणार मॅडम. काढलेला माणूस. मुद्दाम घोळ घालून ठेवला असेल त्यानं.”

“मगदूमांनी?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मगदूमांनी घोळ घातला असेल?”

मी पुन्हा पडद्याकडे वळलो. सबनीस साहेबांना मात्र ते वाक्य आवडलं. “मला शंका होतीच,” ते म्हणाले. “जाता जाता पाचर मारून गेला.” संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर तेच झालं होतं. मगदूमनं जाता जाता पाचर मारली.

मंगळवारी सकाळी मी दुसरे उद्योग केले. बॅकअपच्या फायलींची मालकी जबरदस्तीनं माझ्या नावावर घ्यायचा प्रयत्न केला. मग सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर नव्यानं टाकून तिथून उघडायला गेलो. प्रत्येक वेळी पट्टी पुढं सरकायची, तांबोळी मॅडम श्वास रोखायच्या, आणि लाल. कंपनीच्या माणसाचा तीनदा फोन आला. मी उचलला नाही.

दुपारी बाराला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की मशीनमध्ये बिघाड आहे, सगळ्यांनी घरी जावं, चालू झालं की फोन करू. शेहेचाळीस माणसं. कुणी विट्याहून आलेलं, कुणी जतहून, कुणी धर्मशाळेत खोली घेऊन राहिलेलं. त्यांच्यासमोर मशीन चकाचक उभं होतं, वरचा हिरवा दिवा पेटलेला.

लगमाण्णा माझ्याजवळ आला. “साहेब, फोन नक्की करनार न्हवं? न्हाई म्हंजी, जतच्या पल्याड जायाचं. येकदा गेलो की ल्हान भाऊ म्हनंल, कशाला जातोयस परत, इथंच औशीद करू.”

“करणार. नंबर दिलाय ना?”

“अडत्याच्या दुकानाचा दिलाय. माझ्याजवळ कुठला फोन.”

“मग जाऊ नका. इथंच थांबा दोन दिवस.”

“खोलीचं भाडं हो,” कल्लव्वा म्हणाली. “लाईट असली तर दिलं असतं. नुस्तं बसून कशाला?”

ती दोघं गेली. मी खिडकीतून बघितलं. तो रिक्षात बसता बसता काहीतरी ओरडला. काय ते ऐकू आलं नाही. रिक्षावाला हसला.

बुधवारी सकाळी तांबोळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि खुर्ची न ओढता उभ्याच राहिल्या.

“शेहेचाळीस सीटी स्कॅन पुन्हा करायचे, शेहेचाळीस आराखडे पुन्हा काढायचे. मी एकटी आहे उदय. तीन आठवडे लागतील. खोतांसारख्या गळ्याच्या पेशंटला एवढा खंड पडला ना, तर पहिल्या एकवीस दिवसांचं अर्धं पाण्यात. गाठ वाट बघत नाही. तू मगदूमांकडे जातोस का मी जाऊ?”

त्या गेल्या असत्या. आणि त्या जाऊन चालणार नव्हतं. मी मोटारसायकल काढली आणि जयसिंगपूरला गेलो.

अण्णांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. तोच त्यांचा मूळ धंदा. हॉस्पिटलात ते आले तेच वायरमन म्हणून. कॉम्प्युटर आले तेव्हा इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली आणि स्वतःच शिकले. मलाही त्यांनीच आणलं. मी बारावी नापास, टायपिंगच्या क्लासात बसणारा. ‘हात चालतोय पोराचा,’ असं म्हणून त्यांनी सबनीसांच्या आधीच्या साहेबांकडे माझी शिफारस केली होती.

पाण्याच्या पंपाची मोटार मांडीशी धरून ते तांब्याची तार भरत होते. वर बघितलं नाही.

“ये उदय. त्या स्टुलावर बस. तेल लागलंय, फडकं टाक.”

“अण्णा, जरा अडचण आहे.”

“रिस्टोअर होईना.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? चार महिन्यांनी तू माझ्या दारात आलायस. जेवायला थोडाच आलायस.” त्यांनी तार ताणली. “मालक सापडत नाही म्हणतंय?”

“हो.”

“नवीन खातं उघडलंस माझ्या नावानं?”

“उघडलं.”

“शहाणा. ते आधी उडव. त्याच नावाचं दुसरं बसलेलं असलं तर जुनं परत येत नाही. मग डिलीट झालेल्यातनं माझं आण. सहा महिने व्हायचेत अजून. त्यानंतर परवलीचं वाक्य मागेल.”

“ते कुठं आहे?”

“चार्ज देताना सांगत होतो की तुला. गार्ड दंडाला धरून उभा होता. मी म्हटलं, उदय, दोन गोष्टी ऐक, खातं उडवू नको, नुसतं बंद कर, आणि एक वाक्य लिहून घे. तू काय म्हणालास?”

मी स्टुलावरचं फडकं सारखं केलं.

“म्हणालास, जे असेल ते साहेबांना लेखी द्या. मला ‘अण्णा’ सोडून ‘मगदूम’ म्हणालास आणि ‘साहेबांना लेखी द्या’ म्हणालास.” ते हसले. खरंच हसले. “लिही. हॉस्पिटलात लायटीचं पहिलं, कोबाल्टचं मशीन आलं होतं त्याचा नंबर, त्याच्यापुढं ते बसवलं ती तारीख, मधे जागा नाही.”

नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी तळहातावर लिहून घेतला.

“अण्णा, तुम्हीच चला ना. मी गाडी आणलीय.”

“गेटवर माझा फोटो लावलाय. या इसमास आत सोडू नये. माझ्या पोरीची मैत्रीण नर्स आहे तिथं, तिनं घरी येऊन सांगितलं. फोटो चांगला आलाय म्हणाली.”

कारागीर गडी मागं ठोकठोक करत होता. अण्णांनी त्याला चहा सांगायला पाठवलं. तो गेल्यावर मोटार खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“आता एक सांग. सोमवारी बंद पडलं. आज बुधवार. कंपनीनं तुला सोमवारीच सांगितलं असणार, जुनं खातं परत आण म्हणून. पहिला प्रश्न तोच विचारतात ते. दोन दिवस काय करत होतास?”

“प्रयत्न करत होतो.”

“खोटं बोलू नकोस. खातं परत आणलं तर त्याच्याबरोबर त्या दिवसाच्या नोंदी परत येतील, याची भीती वाटली तुला.”

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

त्या दिवसाच्या नोंदी म्हणजे काय, ते आता सांगायलाच हवं. एका कारखान्याच्या चेअरमननं आमच्याकडे गुपचूप तपासणी करून घेतली होती. निवडणूक तोंडावर. माझा मेहुणा विरोधी पॅनेलमध्ये. तो घरी येऊन बसला, ‘दाजी, नुसतं बघायचंय, कॅन्सर आहे का नाही.’ बायकोनं पण सांगितलं, एवढं काय त्यात. अण्णांचा पासवर्ड सगळ्यांनाच माहीत होता, कारण त्यांच्या नावावरच सगळं उघडायचं. ते दुसऱ्या इमारतीत वायर ओढत होते. मी त्यांच्या खात्यातून रिपोर्ट उघडला, छापला आणि खिशात घातला. आठवड्यात त्याच्या झेरॉक्स गावोगाव फिरल्या. चौकशी झाली. नाव निघालं भूपाल मगदूम, आणि रिपोर्ट विकल्याचा आळ त्यांच्यावर आला. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. सबनीस ओरडत होते, अण्णा खाली बघत होते, आणि मी कॉम्प्युटरची वायर नीट बसलीय का ते बघत होतो.

चौकशीत नुसतं नाव बघितलं, पण रिपोर्ट कुठल्या कॉम्प्युटरवरून उघडला तेही नोंदीत असतं, म्हणून मी ते खातं उडवलं होतं. बंद केलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“प्रिंट तिसऱ्या मजल्यावर निघाली. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तूच होतास. एवढं कळायला शाळा लागत नाही.”

“मग बोलला का नाही?”

“पासवर्ड मी वाटला होता. नाव माझं होतं.” त्यांनी हाताचं तेल पुसलं. “आणि मला वाटलं तू बोलशील. दोन दिवस वाट बघितली. मग म्हटलं आठवड्यानं बोलेल. नंतर दुकानाचं बघावं लागलं.”

चहा आला. त्यांनी माझ्यापुढं कप सरकवला.

“पी आणि जा. माणसं बसली असतील. आणि सबनीसाला सांग, त्या प्रिंटचं. माझी नोकरी परत नको मला. पण पोरीच्या सासरी विचारतात, तुझ्या बापानं नक्की काय विकलं होतं म्हणून. सांगशील?”

“सांगतो अण्णा.”

“आज?”

“आज रिस्टोअर झालं की लगेच.”

अकराला मी खुर्चीत होतो. नवीन खातं उडवलं. डिलीट झालेल्यांच्या यादीत ‘भूपाल मगदूम’ तसंच पडून होतं. चार महिने कुणाला न दिसता. उजवं बटण, परत आणा. बॅकअपनं वाक्य मागितलं, मी तळहात बघून टाकलं. पट्टी तीन टक्क्यांवर आली. चार. नऊ. पंधरा. तांबोळी मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उचलला नाही.

पट्टी सरकत असताना मी त्या दिवसाच्या नोंदी शोधल्या. नव्हत्या. नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. खातं उडवा, ठेवा, परत आणा, त्यांचा त्याच्याशी काही संबंधच नसतो. हे मला माहीत असायला हवं होतं. ज्याला भिऊन मी दोन दिवस शेहेचाळीस माणसांना बसवलं ते तिथं नव्हतंच. कधीचं नव्हतं.

दुपारी अडीचला सगळे आराखडे परत आले. सबनीस साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. “मगदूमची पाचर काढलीस बघ.”

मी तोंड उघडलं. तांबोळी मॅडम माझ्याकडे बघत होत्या, शिपाई पेढे आणायला निघाला होता. मी म्हणालो, “कंपनीच्या माणसानं मदत केली.”

गुरुवारपासून पेशंट येऊ लागले. पहिल्या दिवशी एकोणतीस, शनिवारपर्यंत पंचेचाळीस. अडत्याच्या दुकानात मी स्वतः फोन केला.

“लगमाण्णा गावाला गेलाय,” अडत्या म्हणाला. “निरोप धाडतो कुणाबरोबर तरी. ट्रक जाईल एखादा.”

मी रोज फोन करायचो. रोज ट्रक जाणार असायचा. आठवडा झाल्यावर अडत्यानं माझा आवाज ओळखून फोन ठेवायला सुरुवात केली. मी जतला गेलो नाही. मोटारसायकल होती, रस्ता होता. रविवारही होता. गेलो नाही.

तो पाच आठवड्यांनी आला. भावानं सीमेपलीकडच्या कुठल्याशा वैद्याचा काढा सुरू केला होता. मशीन बंद पडलं म्हणजे देवाचीच मर्जी नाही, असं घरात ठरलं होतं. श्वास लागायला लागला तेव्हा आणला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि लायटीचा विषय काढला नाही. स्वरयंत्र काढावं लागलं.

ऑपरेशननंतर तीनेक महिन्यांनी ती दोघं मला लिफ्टपाशी भेटली. त्याच्या गळ्यात भोक, त्यावर पांढरा जाळीचा रुमाल. माणूस निम्मा झाला होता. मला बघून त्यानं दोन्ही हात जोडले आणि कल्लव्वाकडे बघून बोटांनी भराभर काहीतरी केलं. कीबोर्ड बडवल्यासारखं.

कल्लव्वा म्हणाली, “ह्ये म्हणत्यात, मशीन बंद पडल्यालं तवा तुमीच बसून चालू केलंसा. दोन दिस हाललं न्हाईसा म्हनं जाग्यावनं. शिस्टर सांगत हुत्या. आमी थांबाया पायजे हुतं. आमचीच चुकी झाली बघा.”

त्यानं मान डोलावली. आमचीच चुकी, अशी बोटं स्वतःच्या छातीवर दोनदा ठेवली.

“तुमीच केलंसा न्हवं?” कल्लव्वानं विचारलं.

लिफ्ट आली. दार उघडून तसंच राहिलं.

“हो,” मी म्हणालो.